बाँग-यो मावशीने घालवलेला ट्रक

बाँग-यो जन्मली तेव्हा घरात आधीच तीन मुली होत्या. बापाने एकदा तोंड बघितलं आणि म्हणाला, "असू दे, वाढवू." तेच तिचं नाव पडलं. बाँग-यो म्हणजे असू दे, वाढवू. त्या काळी आमच्या दक्षिण तैवानात असल्या नावाच्या बायका गल्लोगल्ली सापडायच्या, आणि बहुतेकींनी नावाला जागून जन्मभर 'असू दे, असू दे' करत दिवस काढले. ही एकटी निघाली उफराटी. हिला आयुष्यात कुठलीच गोष्ट असू देता आली नाही. उभा जन्म बाजारात मासळी विकली, त्यामुळे आवाज असा की गल्लीच्या या टोकाला ती शिंकली तर त्या टोकाला लोक "सावकाश गं" म्हणायचे. नवरा गेला, मुलगा उत्तरेला राजधानीत नोकरीला गेला, गुडघे गेले. आवाज तेवढा जागच्या जागी राहिला.

या बाईच्या दिवसाचा खरा सण म्हणजे संध्याकाळचा कचऱ्याचा ट्रक. आमच्याकडे कचरा जमिनीला टेकवायचा नाही. कुंडी नाही, ढीग नाही. पियानोची धून वाजवत ट्रक आला की ज्याने त्याने आपली पिशवी आपल्या हाताने टाकायची आणि खरकट्याची बादली मागच्या पिंपात ओतायची, ती डुकरांना जाते. ट्रक यायचा दिवेलागणीला, गल्लीच्या तोंडाशी भूमिदेवाचं बुटकं देऊळ आहे तिथे. पण माणसं त्याच्या कितीतरी आधी येऊन बसायची. प्लास्टिकची स्टुलं टाकून, पायाशी पिशव्या घेऊन, सुनांची गाऱ्हाणी आणि पोटाचे विकार सविस्तर बोलून व्हायचे. ट्रक आला की टाकायला पाच मिनिटं, आणि पुन्हा बसायला मोकळे.

मग एक नवा ड्रायव्हर आला. हा पठ्ठ्या ट्रक थांबवायचा कुठला, नुसता दम घेऊन पुढे काढायचा. हुआतदादा, म्हणजे बाँग-योच्या समोरच्या घरातला एकटा राहणारा रिटायर बसड्रायव्हर, स्टुलावरून उठेउठेपर्यंत ट्रक वळणापार. दोनदा त्याची पिशवी हातातच राहिली. तिसऱ्यांदा बाँग-योचं डोकं फिरलं. घरी गेली आणि तिने नगरपालिकेचा तक्रारीचा नंबर फिरवला.

"हा तुमचा ट्रक थांबतो की पळतो? जरा ऐसपैस जागा बघून उभा करा त्याला! म्हाताऱ्या माणसांना टाकायला वेळ मिळेल असा!"

फोनवरच्या मुलीने सगळं गोड आवाजात परत म्हणून दाखवलं आणि आभार मानले. बाँग-यो खूश. सरकारशी बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ, आणि सरकारने ऐकलं हो! आठवडा उलटायच्या आत देवळापाशी पाटी लागली. थांबा हलवला आहे. ऐसपैस जागा, दुप्पट वेळ. मागणी शब्दशः मान्य.

नवा थांबा होता मोठ्या हमरस्त्याच्या पलीकडे.

तो रस्ता म्हणजे काय सांगावं! स्कूटरींचे लोंढे, मधोमध एक चिंचोळा दुभाजक, आणि सिग्नलच्या दिव्यात हलणारा तो हिरवा माणूस. आधी चालतो आणि मग एकदम धावत सुटतो. त्याचं काय जातं, त्याला गुडघेच नाहीत. गल्लीतले म्हातारे अर्ध्यात पोचेपर्यंत तो लाल होऊन उभा.

"बाँग-यो," किम-चू म्हणाली. ही तिची शेजारीण, बालमैत्रीण आणि जन्माची वैरीण. "तुझ्या तोंडाला यश आहे बाई. पुढच्या वेळी फोन करणार असशील तर आधी सांग, मी घरच बदलते."

हळूहळू कोपरा ओस पडला. कोणी सुनेच्या हाती पिशवी द्यायला लागलं, कोणी कामावर जाणाऱ्या भाडेकरूला गळ घातली, कोणी कचराच कमी करायला लागलं. स्टुलं घराघरांत गेली. आणि एके दिवशी बाजारात, मासळीच्या तिच्याच जुन्या गाळ्यावर, नव्या कोळणीने तिला विचारलं, "मावशी, तुमच्या समोरचे हुआतदादा कसे आहेत आता?"

"कसे म्हणजे? त्यांना काय धाड भरलीय?"

धाड भरली होती. हुआतदादा एका संध्याकाळी न्हाणीघरात घसरून पडला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने दार वाजवेपर्यंत तिथेच पडून होता. खुब्याचं हाड मोडलेलं. समोरच्या घरात! आधी हुआतदादा कोपऱ्यावर यायला जरा उशीर झाला तर बाँग-यो तिथूनच अशी हाक मारायची की तो खिडकीतून "आलो, आलो, मेलो नाही अजून!" म्हणून ओरडायचा. आता हाक मारायला कोण होतं कोपऱ्यावर? बाँग-यो मासळी न घेता घरी आली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. 'मीच केलं हे,' ती म्हणाली. 'मीच फोन केला.' मग तोंड धुतलं आणि पेरूंची पिशवी घेऊन मोहल्लाप्रमुखाकडे निघाली. ट्रक परत आणायचाच.

मोहल्लाप्रमुख लाइ म्हणजे सगळ्या गल्लीचा भाचा. कोणाच्याही मयताला पहिला हजर, कोणाच्याही लग्नात शेवटी निघणारा. ऑफिस म्हणजे त्याच्या घराचा पुढचा भाग, आणि तिथे चहाची किटली कधी थंड होत नसे. लाइचा एकच दोष, तो कोणालाही नाही म्हणत नसे. त्यामुळे त्याच्या 'हो'ला फारसा अर्थ उरला नव्हता.

"हो मावशी, नक्की मावशी," तो चहा ओतत म्हणाला. "पण फोनवर ओरडून नाही होत. पाहणी मागायची. सफाई खात्याचा साहेब येतो, वाहतुकीचा येतो, नगरसेविका येते. सगळे रस्त्यावर उभे राहून बघतात, फोटो काढतात, मग ठरवतात."

"येतात? इथे? आपल्या गल्लीत?"

"येतात म्हणजे काय! मी बोलावतो ना."

झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर बाँग-योच्या अंगात वारं शिरलं. सरकार गल्लीत येतंय, आणि गल्ली अशी? दोन दिवसांत देवळाची फरशी घासून झाली. केशकर्तनालयात म्हाताऱ्यांची रांग लागली. सगळ्यांचे केस काळेभोर आणि कुरळे होऊन बाहेर आले. किम-चूच्या नाचमंडळाची गुलाबी जाकिटं सगळ्यांना वाटली. कोहळ्याचं गार सरबत, फळांची परात, आणि रोज सकाळी रस्ता ओलांडायची तालीम.

"पाय उचला! सरकारसमोर काय असं रखडत जाणार?" बाँग-यो दुभाजकावर उभी राहून गरजायची. "किम-चू, तोंड हसरं ठेव!"

"माझा गुडघा बोंबलतोय आणि तोंड हसरं?"

"गुडघा कोणाला दिसतोय? तोंड दिसतं!"

हुआतदादा नुकताच इस्पितळातून परतला होता, चार पायांचं ॲल्युमिनियमचं वॉकर ठोकत. बाँग-योने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही पाहणीच्या वेळी आतच बसा. पाहुण्यांसमोर ते वॉकर बरं नाही दिसत."

"अगं, माझ्याच हाडासाठी ही सगळी वरात, आणि मलाच आत कोंडतेस?"

"फक्त अर्धा तास हो. सरबत पाठवते."

पाहणी सकाळी झाली. ऊन कोवळं, रहदारी ओसरलेली. सफाई खात्याचे ल्याओ साहेब आले, चष्मेवाले, तरुण, अंगावर खात्याचं जाकीट. लाइने ओळख करून दिली. साहेब वाकून म्हणाले, "नमस्कार आजी."

"आजी कोणाला म्हणतोस? मावशी म्हण."

"चुकलो, मावशी."

मग बाँग-योने हात वर केला आणि गुलाबी पलटण निघाली. काय ते चालणं! हिरव्या माणसाने धावायला सुरुवात करायच्या आत सगळे पलीकडे, हसऱ्या तोंडाने, आणि तिथून हात हलवतायत. नगरसेविकेने टाळ्या वाजवल्या. वाहतुकीच्या साहेबाने फोटो काढला. ल्याओ साहेबांनी दोन ग्लास सरबत पिऊन अगदी मनापासून सांगितलं, "मावशी, तुमच्या मोहल्ल्याची तब्येत बघून हेवा वाटला. इथे काही अडचण दिसत नाही. उलट रोजचा व्यायाम होतोय."

पाहणी संपली. थांबा पलीकडेच राहिला. गुलाबी जाकीटवाले त्या दिवशी परतले ते एकेक जण धापा टाकत, कोणी दुभाजकावर बसून, किम-चू तर लाइच्या स्कूटरवर.

"मावशी," लाइने डोकं खाजवलं, "सरकारला दुखणं दाखवायचं असतं. तुम्ही तर वरात दाखवलीत."

"म्हणजे लोकांसमोर लंगडत जाऊ? लाज आहे की नाही काही?"

"आहे ना. म्हणूनच तर थांबा पलीकडे आहे."

एरवी हो-हो म्हणणारा लाइ, पण बोलला ते बाँग-योला झोंबलं. किम-चूने तोडगा काढला: सगळ्यांनी पायाला प्लास्टर बांधून मोर्चा न्यायचा. तिचा जावई औषधाच्या दुकानात होता, पट्ट्या स्वस्तात मिळाल्या असत्या. बाँग-यो भूमिदेवापुढे गेली, कौल लावायचे लाकडाचे दोन अर्धचंद्र हातात घेतले आणि विचारलं, "देवा, प्लास्टर बांधू?" टाकले. दोन्ही पालथे. नाही. "मग ऑफिसात जाऊन आरडाओरडा करू?" पुन्हा पालथे. "मग काय हात जोडून नीट बोलू की काय?" एक उताणा, एक पालथा. देव हो म्हणाला. बाँग-योला वाटलं, आपण प्रश्न चुकीचा विचारला. पुन्हा टाकले. पुन्हा हो. "तुलाही सरकारचं वारं लागलं," ती देवाला म्हणाली, पण उदबत्ती लावून उठली.

ऑफिसात तिने जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलून बघितलं. पहिलं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही. ल्याओ साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहेब, मी भांडायला नाही आले. त्या दिवशी आम्ही तुम्हाला खोटं दाखवलं. खोटं म्हणजे, सणाचे कपडे घालून दाखवलं. एकदाच या, ट्रक येतो तेव्हा. संध्याकाळी."

"मावशी, संध्याकाळी ऑफिस सुटतं."

"मग तुमचा कचरा कधी टाकता हो तुम्ही?"

साहेब जरा घुटमळले. "आई टाकते."

"एकट्याच असतात घरी?"

"दिवसभर. मी रात्रीच पोचतो. आणि ती ट्रकच्या निमित्ताने खाली उतरली की तास-तास वर येत नाही. फोन केला तर उचलत नाही. तिथे काय करते कोण जाणे, मला तर कळतच नाही."

बाँग-योने एरवी तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण देवाने हो म्हटलेलं होतं. ती उठली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "या एकदा. सरबत नाही ठेवणार."

साहेब आले. एका मंगळवारी, दिवेलागणीला, ऑफिस सुटल्यावर, एकटेच. या वेळी गुलाबी जाकीट नव्हतं. कोणी बनियनवर, कोणी सपाता ओढत, किम-चूच्या केसांत गुंडाळ्या. आणि सगळ्यांत पुढे हुआतदादा, वॉकर ठोकत, त्याला अडकवलेली पिशवी आणि खरकट्याची काठोकाठ बादली.

"दादांचे दोन्ही हात अडकलेत," बाँग-यो म्हणाली. "बादली तेवढी धरता का साहेब?"

साहेबांनी बादली धरली. पलीकडून धून वाजली. हिरवा माणूस लागला आणि सगळे निघाले, आपापल्या खऱ्या चालीने. साहेब सज्जन माणूस, हुआतदादाच्या बरोबरीने चालत राहिले. वॉकर ठक, एक पाऊल. ठक, एक पाऊल. हिरवा माणूस धावायला लागला. ठक. दुभाजकापाशी पोचतात तोच तो लाल झाला आणि दोन्ही बाजूंनी स्कूटरी सुटल्या. त्या चिंचोळ्या पट्टीवर ल्याओ साहेब, हुआतदादा, किम-चू आणि बाँग-यो असे एकमेकांना धरून उभे. एक बस इतक्या जवळून गेली की साहेब दचकले, आणि शिळ्या भाताची पेज, माशाची डोकी आणि पपईच्या बिया असा सगळा ऐवज त्यांच्या चकचकीत बुटांत गेला.

"अहो साहेब, डुकरांचं जेवण ते!" किम-चू कळवळली.

ट्रक दुप्पट वेळ थांबला, ठरल्याप्रमाणे. मग धून वाजवत त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला.

बाँग-योने घरून ठरवून आणलेलं भाषण होतं, वास, माश्या, रहदारी. तिला एक अक्षर आठवेना. ती बोलली ते भलतंच बोलली, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, कारण रहदारीच तशी होती.

"साहेब, कचऱ्याचं काय हो, कचरा कोणीही टाकेल! आम्ही कचरा टाकायला येतच नाही. कोण आलं नाही ते बघायला येतो! हा माणूस एक रात्र आणि अर्धा दिवस न्हाणीघरात पडून होता, माझ्या दारासमोर, आणि मला कळलं बाजारात! कारण मी मूर्खासारखा फोन केला आणि तुम्ही शहाण्यासारखा तो ऐकलात! तुमची आई तासभर खाली काय करते विचारत होतात ना? हेच करते! मोजते! आणि तिलाही कोणीतरी मोजतं!"

हुआतदादा वॉकरच्या दांडीकडे बघत राहिला. साहेबांनी रिकामी बादली खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि खिशातून फोन काढला.

"आई? ... नाही, काही नाही. सहज केला. खाली आहेस का? ... बरं, बरं, बोल तू त्यांच्याशी. ठेवतो."

हिरवा माणूस पुन्हा लागला. परत फिरताना साहेबांचे बूट पचपच वाजत होते.

थांबा परत आला. लगेच नाही, आधी 'प्रायोगिक', मग 'तात्पुरता', आणि ती तात्पुरत्याची पाटी अजून तशीच आहे. ड्रायव्हरला ताकीद मिळाली: वॉकर दिसलं की हातातली कामं सोडून थांबायचं. स्टुलं बाहेर आली. आणि बाँग-योचा भाव असा वधारला की बोलायची सोय नाही. शेजारच्या मोहल्ल्यातून लोक सल्ला विचारायला यायचे, नाल्याचं झाकण, शाळेपुढचा सिग्नल. ही स्टुलावर बसून हात नाचवत शिकवायची, "पाहुणचार करायचा नाही! सरबत तर अजिबात नाही! असतं तसं दाखवायचं, आणि बादली साहेबाच्या हातात द्यायची."

"आणि फोन?" किम-चू मुद्दाम विचारायची.

"फोन हळू आवाजात करायचा," बाँग-यो तोंड फिरवून म्हणायची.

पुढे एका मंगळवारी देवळापुढचा दिवा गेला. बाँग-योने दुपारी नगरपालिकेचा नंबर फिरवला. सगळ्या लाइनी व्यस्त, कृपया थांबा. तिने फोन कानाला लावून ठेवला, टीव्हीवर मालिका लावली, पाय गरम पाण्यात सोडले. वाट बघता बघता कधी डोळा लागला तिचं तिला कळलं नाही.

जाग आली ती दार फुटेल अशा धडधडीने. "बाँग-यो! ए बाँग-यो!" शिवाय दारावर वॉकरची ठकठक. "मी खिडकी फोडतो, तुम्ही बाजूला व्हा!" हा लाइचा आवाज.

ती धडपडत उठली, पायाखालचं घंगाळ उलटलं, आणि फोन हातात तसाच घेऊन ओल्या पायांनी जाऊन तिने दार उघडलं.

"जिवंत आहे मी! कोणाच्या बापाची खिडकी आहे ती?"

दारात अख्खी गल्ली उभी होती. पुढे हुआतदादा, वॉकर उगारलेलं. किम-चूचा चेहरा पांढराफटक. तिने बाँग-योला बघितलं आणि धाडकन पायरीवर बसून रडायलाच लागली. "मेली असतीस तर मारूनच टाकलं असतं तुला," ती हुंदक्यात म्हणाली.

बाँग-यो ओरडायला तोंड उघडणार तोच तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. प्रत्येकाच्या हातात भरलेली पिशवी. कोणाची बादली तशीच काठोकाठ. आणि दूर वळणापलीकडे पियानोची धून विरत चाललेली.

"अरे, कचरा? ट्रक तर गेला की! टाकला का नाही?"

"तू नव्हतीस," हुआतदादा म्हणाला.

"म्हणून काय... उद्या बुधवार. उद्या ट्रक नसतो! या उन्हाळ्यात दोन दिवस वास घेत बसणार?"

"बसू," हुआतदादा म्हणाला.

तेवढ्यात बाँग-योच्या हातातला फोन जागा झाला. गोड आवाजाची मुलगी म्हणत होती, "थांबवल्याबद्दल क्षमस्व. आपली काय तक्रार आहे?"

बाँग-योने दारातल्या सगळ्यांकडे बघितलं. दिवा तिला आठवलाच नाही.

"तक्रार?" ती म्हणाली, इतक्या हळू की किम-चूने रडं थांबवून कान दिला. "काही तक्रार नाही गं पोरी."

मग तिने फोन ठेवला, नाक पुसलं आणि आतून स्टुलं काढायला गेली.